मामाची फुंक

घरात आणि इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर तिला भोंगा म्हणत. शाळेच्या हजेरीत तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते फक्त वर्गशिक्षकांना ठाऊक. ती जन्मली तेव्हा तिच्या रडण्यानं शेजारच्या पाळण्यातली बाळं उठून बसली होती, असं मामा सांगायचा. नुकतं जन्मलेलं बाळ उठून कसं बसेल, असं विचारलं की म्हणायचा, "तेच तर. तुझा आवाजच तसा."

या शहरात आल्यावर मात्र भोंगा पार बंद पडला. इथली भाषा कानात शिरायची, पण तोंडातून बाहेर येताना दारातच अडखळायची. शाळेत ती शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची, जणू भिंत पडू नये म्हणून तिला नेमलंय. मग एकदा भूगोलाच्या तासाला काय झालं कोण जाणे, तिनं हात वर केला. उत्तर साफ चुकलं. तिनं एक अख्खी नदी भलत्याच समुद्रात नेऊन सोडली. वर्ग खो खो हसला आणि गंमत म्हणजे तीही हसली. त्या दिवसापासून जी सुटली ती सुटलीच. बँक, वीज कंपनीची खिडकी, शाळेतला पालकांचा दिवस, कुठेही कोणाचं काम अडलं की इमारतीत एकच हाक उठे, भोंग्याला बोलवा. आणि भोंगा दप्तर टाकून, वेणी उडवत, दोन दोन पायऱ्या उतरत हजर.

म्हणूनच विद्यापीठातल्या बाई आल्या तेव्हा दुभाष्याचं काम आपोआप तिच्याकडे आलं.

बाईंचं संशोधन होतं बाहेरून आलेल्या माणसांवर. ही माणसं या शहरात कशी रुळतात, आजारी पडली तर कुठे जातात, आपण इथले आहोत असं त्यांना वाटतं का, असले प्रश्न त्या विचारायच्या. सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात, लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांमध्ये, बुटक्या बुटक्या खुर्च्यांवर त्यांचं दुकान मांडलेलं असे.

"गेल्या महिन्यात तुम्हाला इथल्या कोणी घरी बोलावलं का?" त्यांनी भोंग्याच्या शेजारच्या खोलीतल्या मुकादमकाकांना विचारलं.

"बोलावलं ना," मुकादमकाका म्हणाले. "घरमालकानं. ओरडायला."

भोंग्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. मान हलवून लिहून घेतलं. त्यानंतर इमारतीतल्या लोकांना बाई आवडायला लागल्या. खोटं हसत नव्हत्या एवढ्याचसाठी.

पण प्रश्नांनंतर यायची ती नळी. नाकाला चिमटा लावायचा, अगदी कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा. छातीत मावेल तेवढी हवा भरायची आणि त्या नळीत जोरात फुंकायची. समोरच्या पडद्यावर एक रेघ चढत जायची. छाती धड असेल तर रेघ ताडकन उभी राहते, नसेल तर लोळते. इमारतीत त्या यंत्राचं नाव लगेच फुंकणी पडलं आणि बाईंचं फुंकणीवाल्या बाई.

"ज्यांची फुंक कमी येईल त्यांना आम्ही मोठ्या दवाखान्यात पाठवू," बाईंनी सांगितलं होतं. "उपचार मिळतील. कामावर कोणालाही कळणार नाही. इथे नावं नाहीत, नुसते नंबर आहेत."

भोंग्यानं हेही जसंच्या तसं सांगितलं. ऐकणारे सगळे एकाच कारखान्यातले. कारखान्यात स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी कृत्रिम दगडाच्या लाद्या कापत, घासत, त्यांना चकाकी आणत. भोंग्याचे बाबा सिंकचं भोक पाडायचे. त्यांनी पाडलेल्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरवल्यासारखं वाटे. कापताना करवतीवर पाणी सोडलं की धूळ उडत नाही, पण पाण्यानं काम रेंगाळतं आणि जमिनीवर चिखल होतो, म्हणून मालकानं नळ बंद करून टाकले होते. सगळं कोरडंच कापायचं. संध्याकाळी माणसं घरी येत ती पापण्यांपर्यंत पांढरी, जणू कोणी मैद्याच्या पिंपात बुडवून काढलीत. अंघोळीनंतर ती परत ओळखू यायची. खोकला मात्र अंघोळीनं जात नसे.

"बाई चांगल्या आहेत," मुकादमकाका त्या दिवशी म्हणाले. "पण त्यांचा कागद पुढे कुठे कुठे जातो, ते त्यांना तरी कुठे माहीत असेल?"

 सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पलीकडच्या खोलीतला शेजारी उभा राहिला. तो मालकासमोर खोकला, रुमालाला रक्त लागलं. या देशात राहायचं तर दर वर्षी मालकानं लिहून द्यावं लागतं की हा माणूस मला हवा आहे. त्याच्यासाठी मालकानं लिहून दिलं नाही. महिन्याभरात बायकामुलांसकट त्याला परत गावी जावं लागलं. खोलीत दुसरं कुटुंब आलं. भिंतीवर मुलांनी काढलेला हत्ती तेवढा राहिला.

म्हणून त्यांच्यात एक रीत पडली होती. आपल्या माणसाची जागा रिकामी ठेवायची नाही. कोणाला ताप आला, कोणाच्या पाठीत उसण भरली, की दुसरा त्याची टोपी घालून त्याच्या करवतीशी उभा राहायचा. मालक दारातून नुसती डोकी मोजायचा. तोंडं पाहायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. आज मी तुझ्या जागी, उद्या तू माझ्या. यात लबाडी आहे असं कोणाला वाटतही नसे. उलट जो जागा धरायला जात नसे त्याच्याशी लोक बोलणं टाकत.

फुंकणी आली तेव्हाही त्यांनी तेच केलं. ज्यांना खोकला होता त्यांच्या जागी मामा गेला.

मामा म्हणजे आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. तेव्हा तो नुकताच आला होता, अजून दगडाला हात लावला नव्हता. गावी तो पोती वाहायचा. छाती अशी की शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसायची. माणसं त्याला पैलवान म्हणत. आज बाबांच्या नंबरावर, दोन दिवसांनी मुकादमकाकांच्या, मग आणखी एक-दोघांच्या, असा तो टोपी बदलून बदलून जाऊन आला. यंत्राशी दर वेळी विद्यापीठाची वेगवेगळी पोरं बसलेली असत. त्यांना नवख्यांची तोंडं सारखीच दिसत. नाकाला चिमटा लावला की मग तर काय, आईलाही ओळखू येणार नाही.

आणि शेजारी उभी राहून गोड आवाजात "हे माझे बाबा" म्हणणारी भोंगाच होती. मामानं फुंकली की रेघ अशी उसळायची की ती पोरं टाळ्या वाजवत. भोंग्याला त्या दिवसांत आपण किती हुशार आहोत याचं इतकं कौतुक वाटत होतं की तिला शाळेच्या नाटकात काम मिळालं तेव्हाही तेवढं वाटलं नाही.

"मामा, तू अजून जोरात फुंकलास तर यंत्र उडून पुस्तकांत जाऊन पडेल," ती म्हणाली होती.

"पडू दे," मामा म्हणाला होता. "उडालंच तर तुझ्या तोंडात अडकवू. जरा शांतता होईल."

मग मामाही कारखान्यात लागला. आणि दीड वर्ष गेलं.

दीड वर्षात बाबा झोपायचं विसरले. आडवं पडलं की छातीवर कोणी लादी ठेवल्यासारखं होई, म्हणून भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डोळे मिटायचे. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचे आणि कोणी दिसलं तर बुटाची नाडी बांधायला वाकायचे. नाडी नसलेल्या चपला घातल्या असतील तरी वाकायचे. बोलायचे ते तुकड्या-तुकड्यांनी. "भोंगा... पाणी... दे गं." भोंग्याला वाक्य पूर्ण होईपर्यंत धीर धरवत नसे. ती मधेच ग्लास घेऊन उभी राहायची.

कारखान्यात बाबांचं निम्मं काम मामा उरकत होता. आपली लादी कापायची, मग सरकून बाबांची.

आईनं शेवटी ऐकलं नाही. हॉटेलच्या चादरी इस्त्री करायच्या कामावरून ती मधेच उठून आली आणि बाबांना गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात घेऊन गेली. बोलायला अर्थात भोंगा.

डॉक्टर तरुण होता, चेहरा झोप न झाल्यासारखा. त्यानं बाबांच्या पाठीला यंत्र लावलं, मग संगणकात पाहिलं. बाईंचं संशोधन या दवाखान्याशी मिळून चालायचं, त्यामुळे बाबांचा नंबर घातला की फुंकणीचे आकडे तिथे दिसत होते.

"यांची मागची तपासणी तर उत्तम आहे," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर फारच उत्तम. पंचविशीतल्या पोराची असावी तशी."

 ती फुंक पंचविशीतल्या पोराचीच होती.

"काय म्हणतात?" आईनं विचारलं.

"म्हणतात, मागे चांगलं होतं."

"मग सांग ना त्यांना."

भोंग्यानं तोंड उघडलं. बाबांनी टेबलाखालून तिचं मनगट धरलं. धरण्यात जोर नव्हता, तरी तिनं तोंड मिटलं. डॉक्टरनं तोंडात फवारा मारायचा एक पंप दिला. काळजी करू नका म्हणाला, नव्या देशात मनावर ताण येतो, त्यानंही दम लागल्यासारखं वाटतं. मोठ्या दवाखान्यात पाठवण्यासारखं काही दिसत नाही. फुंकणीवाल्या बाई लवकरच पुन्हा येणार आहेत, तेव्हा फुंक कमी आली तर बघू.

बाहेर आल्यावर बाबा दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. भोंगा एरवी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बडबडत जायची. त्या दिवशी तिला एकच कळत होतं. बाबांना मोठ्या दवाखान्यात पोचवायचं तर या वेळी त्या नळीत बाबांनीच फुंकलं पाहिजे.

बाई येणार म्हटल्यावर माणसं भोंग्याच्याच खोलीत जमली. खोली केवढी, तर पलंगावर बसलेल्याचे गुडघे खुर्चीवर बसलेल्याच्या गुडघ्यांना लागत. मामा दाराशी उभा होता.

"या वेळी हे स्वतः जातील," आई म्हणाली. चहाचे कप तिनं जरा आदळूनच ठेवले.

"वहिनी, समजून घ्या," मुकादमकाका म्हणाले. "मागच्या खेपेला डोंगराएवढी फुंक आणि या खेपेला चिमणीएवढी. बाई काय डोळे मिटून बसल्यात? विचारतील. एकाचं निघालं की सगळ्यांचं निघेल."

"निघू दे."

"आणि मग कुठे जायचं? तुमच्या इस्त्रीच्या टेबलाखाली?"

"तुमच्या छातीत काय चाललंय ते मला या भिंतीतून ऐकू येतं, भाऊजी," आई म्हणाली. "रात्रभर."

 मुकादमकाकांना नेमका तेव्हाच खोकला आला आणि तो त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळला.

"बाबा, तुम्ही सांगा," भोंगा म्हणाली. "तुमची छाती आहे."

बाबांनी हात वर केला. म्हणजे थांबा, श्वास गोळा करतोय. सगळे थांबले. "पैलवान... जाईल," ते म्हणाले. "माझ्या एकट्यासाठी... एवढ्या घरांवर... नको."

"अहो, पण तुम्ही मराल," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. दूध उतू जातंय असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

 भोंग्यानं मामाकडे पाहिलं. अशा वेळी तो काहीतरी अचरट बोलून सगळ्यांना सैल करायचा. पण तो चपलेच्या टोकाकडे बघत होता. "जातो," एवढंच म्हणाला.

ठरलेल्या दिवशी तळघरात तोच वास होता, जुन्या पुस्तकांचा आणि ओल्या कोटांचा. माणसं प्रश्नांसाठी रांगेत बसली होती. मामा बाबांची टोपी डोळ्यांवर ओढून आला. भोंगा त्याच्याबरोबर चालत होती. ती मनातल्या मनात वाक्य घोकत होती, हे माझे बाबा, हे माझे बाबा. एवढं सोपं वाक्य. दीड वर्षापूर्वी ते तिनं गाण्यासारखं म्हटलं होतं.

"हे माझे बाबा," ती म्हणाली.

यंत्राशी बसलेल्या मुलीनं चिमटा लावला. मामानं श्वास घेतला आणि फुंकली.

रेघ चढली थोडी. मग आडवी झाली.

"नीट ओठ मिटून, पुन्हा एकदा," मुलगी म्हणाली.

मामानं पुन्हा फुंकली. मानेवरच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या, चेहरा लाल झाला. रेघ पहिल्यापेक्षाही खाली राहिली. तिसऱ्यांदा त्याला मधेच खोकला आला आणि नळी हातातून निसटून लोंबकळली.

मुलीनं बाईंना बोलावलं. बाईंनी पडद्यावर जुनी रेघ आणि नवी रेघ शेजारी शेजारी लावली. खाली वाकून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं.

"एवढी घट," त्या म्हणाल्या. "दीड वर्षात. भोंगा, तुझ्या बाबांना आजच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. मी गाडी बोलावते. थांबायचं नाही."

भोंग्याच्या कानांत एकदम शिट्ट्या वाजल्या. गाडी. आज. मोठा दवाखाना. आणि हे सगळं मामानं केलं. किती शहाणा तो. मुद्दाम कच्ची फुंकली, कोणाला न विचारता, दाजींसाठी. तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. बाई फोन करायला जरा बाजूला झाल्या तशी ती त्याच्या कानाशी वाकली.

"काय नाटक केलंस रे मामा. खोकला तर फारच भारी."

मामानं नाकाचा चिमटा काढला. तो अजून धापा टाकत होता.

"नाटक नाही गं," तो म्हणाला. "मी सगळा जोर लावला होता."

भोंग्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. पडद्यावरची ती लोळलेली रेघ मामाची होती. तिच्या मामाची.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"कोणाला सांगू नको. ताईला तर मुळीच नको." त्यानं टोपी पुन्हा ओढली. "हे बरं झालं उलट. गाडी येईल, दाजींना त्यात बसव. मी मागच्या दारानं जातो."

"आणि तू?"

"मला अजून जिना चढता येतो."

रांगेतून मुकादमकाका उठून जवळ आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पैलवान बरोबर बोलतोय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पोरी, बापाला गाडी मिळतेय. गप्प राहा. आयुष्यात एकदा गप्प राहा."

गप्प राहणं किती सोपं होतं. बाबा गाडीत बसले असते. मामा त्या पांढऱ्या धुळीत परत जाऊन उभा राहिला असता, स्वतःची लादी कापली असती, सरकून बाबांची कापली असती. आणि आणखी दीड वर्षानं चपलेची नसलेली नाडी बांधायला जिन्यावर वाकला असता. तेव्हा त्याच्या जागी फुंकायला कोण जाणार? इमारतीत धड छाती राहिली होती ती शाळेत जाणाऱ्या पोरांची.

बाई फोन ठेवून वळल्या.

"हे माझे बाबा नाहीत," भोंगा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला. "हा माझा मामा आहे. मागच्या वेळीही मामाच होता. बाबा घरी आहेत. ते याच्याहून खूप आजारी आहेत. गाडी दोघांसाठी लागेल."

बाई हळूच मागच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. गुडघे पार हनुवटीपाशी आले. एवढ्या उंच बाई त्या खुर्चीत लहान मुलीसारख्या दिसायला लागल्या.

"मागच्या वेळी," त्या म्हणाल्या, "आणखी कोणाकोणाच्या जागी?"

मुकादमकाकांचे डोळे भोंग्यावर खिळले होते. रांगेतल्या सगळ्यांचेच.

"मला बाबांचंच माहीत आहे," भोंगा म्हणाली.

बाईंना ते खरं वाटलं नाही, हे दिसत होतं. त्या कोणावर चिडल्या नाहीत. पडद्याकडे बघत, कोणाशीच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मी नगरपालिकेत उभी राहून सांगितलं की दगडवाल्यांच्या छात्या ठणठणीत आहेत. तपासणीची फिरती गाडी इकडे यायची होती, ती त्यांनी दुसऱ्या वस्तीला दिली. माझ्या आकड्यांवरून दिली."

भोंग्यानं हे कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. तिनं आईला फोन लावला.

आई बाबांना घेऊन आली तेव्हा तळघराच्या पायऱ्या उतरायलाच त्यांना इतका वेळ लागला की वरच्या वाचकांनी पुस्तकं खाली ठेवून पाहिलं. बाबांना काय झालंय ते कळायला त्यांचे ओठ बघणं पुरेसं होतं. ओठ शाईसारखे झाले होते. तरी बाईंनी नळी पुढे केली, कारण दवाखान्यात दाखवायला खरा आकडा हवा होता. बाबांनी आधी भोंग्याकडे पाहिलं, बराच वेळ. तिला वाटलं, रागावतील. त्यांनी फक्त मफलर सोडून मांडीवर ठेवला आणि नळी तोंडात धरली.

पडद्यावर काहीच उमटलं नाही. यंत्राला वाटलं कोणी फुंकलंच नाही. पुन्हा करा, असं लिहून आलं.

"पुन्हा नको," बाई म्हणाल्या.

गाडी आली. माणसं धावली, खुर्ची आली, बाबांच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली. या सगळ्या गडबडीत भोंगा एकदा आईचं बोलणं इकडे सांगत होती, एकदा त्यांचं तिकडे. मग बाई म्हणाल्या, "दुसऱ्यांनाही बसवा," आणि भोंगा वळली.

रांगेच्या जागी रिकाम्या बुटक्या खुर्च्या होत्या. मुकादमकाका नव्हते. मामा नव्हता. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. दुपारची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती. बाबांची जागा आज रिकामी पडणार होती.

मोठ्या दवाखान्यात सगळं झटपट झालं. दीड वर्ष जे दार हलत नव्हतं ते आता सर्रकन उघडत गेलं, आणि प्रत्येक दारामागे आणखी एक गंभीर चेहरा होता. छातीचा फोटो निघाला. वयस्क डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरून भोंग्याला दाखवला. काळं दिसायला हवं होतं तिथे पांढरं होतं.

"ही दगडाची धूळ आहे," त्या म्हणाल्या. "ती बाहेर निघत नाही. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. आम्ही त्यांना श्वास घ्यायला मदत करू शकतो, बरं करू शकत नाही. हे तुझ्या आईला सांगशील? की दुसरं कोणी मोठं आहे?"

"सांगते," भोंगा म्हणाली.

आई वाट बघत होती. हातात बाबांच्या चपला धरून उभी होती. त्यांच्या पायांत आता दवाखान्याचे मोजे होते.

"काय म्हणतात?"

भोंग्याला शब्द येत होते. दोन्ही भाषांतले सगळे शब्द येत होते. "म्हणतात, इथे ठेवून घेऊ," ती म्हणाली.

"बरे होतील?"

"म्हणतात, श्वास घ्यायला मदत करतील."

आईनं तिच्याकडे पाहिलं. चपला घट्ट छातीशी धरल्या.

डॉक्टरीणबाईंना भोंग्यानं मामाचंही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, वय लहान आहे. आज, आत्ता धुळीतून बाहेर आला तर बरीच वर्षं आहेत त्याच्यापुढे. रोज जाईल तर रोज थोडी कमी होतील.

आत बाबांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बांधायला परिचारिका आली, तर ते बांधू देईनात. हातानं बाजूला सारत होते. भोंगा वाकली.

"पैलवान," बाबा म्हणाले. "तोही... आलाय ना?"

"आलाय, बाबा. बाहेर बसलाय. त्याचा नंबर आहे पुढे."

बाबांनी हात खाली घेतला. मुखवटा बांधला गेला.

बाहेर व्हरांड्यात फुंकणीवाल्या बाई उभ्या होत्या, कोट अंगातच. त्या घरी गेल्याच नव्हत्या. भोंग्यानं मामाला फोन लावला. लागला. आधी करवतीचा आवाज आला, कानाचा पडदा कापला जाईल असा, मग मामाचा.

"दाजी कसे आहेत?"

"मामा, तू तिथून नीघ. डॉक्टर म्हणतात, तुझ्याकडे वेळ आहे. आज निघालास तर आहे."

"काय?"

"वेळ आहे. तुझ्याकडे. तू नीघ."

"पाळी संपली की बघतो," मामा ओरडून म्हणाला. "आज दोन्ही लाद्या माझ्याकडे आहेत. मालक दोनदा येऊन गेला. ताईला सांग, जेवून घे."

"निदान पाणी सोडून काप."

त्याला ते ऐकू गेलं नसावं. करवत पुन्हा दगडाला लागली आणि फोन बंद झाला.

"येतोय?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"त्याला सांगितलंस ना, वेळ आहे म्हणून?"

"सांगितलं."

"मग का नाही येत? मी त्याच्यासाठी इथे बोलले आहे. त्याला तपासतील. कोणी हाकलणार नाही, मी बघेन."

भोंग्यानं त्यांना सांगायचा प्रयत्न केला. जागा कशी धरतात, का धरतात, न धरली तर काय होतं. इथल्या भाषेत तिनं वाक्य सुरू केलं, सोडलं, दुसरीकडून सुरू केलं. बाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि तिला दिसत होतं की त्यांच्यापर्यंत काही पोचत नाहीये. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही मालकाला सांगा ना. नळ सोडायला."

"मला त्याच्या दारातून आतही जाता येत नाही," बाई म्हणाल्या. "कारखाने तपासणाऱ्या सरकारी माणसांना कळवलं आहे. ते येतील."

"कधी?"

 बाईंनी कोट काढला, पुन्हा घातला.

भोंग्यानं परत नंबर लावला. वाजत राहिला. तिनं तो कानाला तसाच धरून ठेवला.